तिथीची पाऊणपट

"सुनबाय, आज तिथ खंयची गो?"

तात्यांनी ओटीवरून विचारलं तेव्हा माझ्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हाताने मी चुलीतलं ओलं लाकूड मागे ओढत होते. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. अंगणात बायका जमल्या होत्या, त्यांच्या पाट्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता.

"तीज," मी आतूनच सांगितलं.

"बघलंस मा कॅलिंडर?"

"होय."

साठ वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. दुकानदाराशी बोलले, जावांशी बोलले, नवऱ्याशी तर गरजेप्रमाणे रोज. पण त्या 'होय'सारखं दुसरं बोलले नाही. त्या सकाळचं सांगणं मी टाळत आले. तरी सांगते.

आमच्या आडबंदरला तिथी ही उपासापेक्षा पाण्यासाठी जास्त लागायची. गणित सोपं होतं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. तीज म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला पाणी भरणार, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला, ते पुरतं आटलेलं असणार. तीज नसून बीज असली तर तेच पाणी साडेसातला आटणार. एका तिथीची चूक म्हणजे पाऊण तासाची चूक. हे गणित गावात लहानथोर सगळ्यांना येत होतं, पण खाडीत उतरण्याआधी विचारायचं ते माझ्या सासऱ्यांना, धाकू कुबलांना. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. त्यांनी वेळ सांगितली की ती 'तात्यांचा पाणी', आणि तात्यांचं पाणी तीस वर्षांत चुकलं नव्हतं.

त्याला कारणही होतं. आडबंदर एकेकाळी खरोखरच बंदर होतं. मलबारची कौलं आणि नारळ भरून फत्तेमाऱ्या थेट मांडवीच्या पायऱ्यांना लागायच्या. मांडवी म्हणजे जुन्या जकातीची इमारत. माझ्या काळात तिच्या चार भिंती आणि जांभ्याच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. तात्यांचे वडील तांडेल होते आणि तात्या स्वतः पंधराव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर दर्यात हिंडलेले. मग वरच्या डोंगरांवरची झाडं तुटत गेली, पावसाबरोबर माती खाली येत गेली, खाडी उथळ झाली आणि तिच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक दांडा वर आला. फत्तेमाऱ्या यायच्या थांबल्या. बंदर बसलं. पण त्याच दांड्यात खुबे, म्हणजे गोल जाड कवचाचे शिंपले, एवढे पैदा झाले की पुरुषांचा धंदा गेला तिथे बायकांचा उभा राहिला.

दांडा आणि गाव यांच्यामध्ये खाडीची एक धार वाहते. पाणी आटलं की ती गुडघाभर असते आणि बायका पाट्या डोक्यावर घेऊन चालत पलीकडे जातात. भीती आहे ती परतीची. भरती लागली की पाणी आधी या मागच्या धारेत शिरतं. समोर समुद्र लांब दिसत असतो, पायाखाली वाळू कोरडी असते, माणूस निवांत वाकून खुबे काढत असतो आणि पाठीमागची वाट बुडत असते. म्हणून वेळ नेमकी हवी.

मी कणकवलीची. बाप एसटीत कंडक्टर, त्यामुळे मला खाडीपेक्षा डेपोची माहिती जास्त. दहावी झाले होते, लग्नाला चार महिने झाले होते, आणि नवरा रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात. लग्नानंतर आठवड्याभरात तात्यांनी तिथी सांगायचं काम माझ्याकडे दिलं. "तू धावी शिकलंस, आता तूच वाच," म्हणाले. आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "बोटांर मोजू नको. कॅलिंडर बघूनच सांग." मला वाटलं, शिकलेल्या सुनेचं कौतुक चाललंय. मी फुशारले.

त्या दिवशी मात्र मी बोटांवरच मोजलं. शिवरात्रीच्या जत्रेमुळे चार दिवस कोणी खाडीत उतरलं नव्हतं आणि तात्याही तापाने पडून होते, त्यामुळे तिथी कोणी विचारलीच नव्हती. शिवरात्र म्हणजे चतुर्दशी, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. मग अमावास्या, पाडवा, बीज, आज तीज. कॅलेंडर ओटीवरच्या दाराशी होतं, चुलीपासून वीस पावलांवर. पण त्या दिवशी बायका मला पहिल्यांदा दांड्यावर न्यायला आल्या होत्या. माझं निम्मं लक्ष भाकऱ्यांवर आणि निम्मं अंगणात होतं, वीस पावलं मला फार झाली.

"सव्वाआठाक पाणी आटतला," तात्या बायकांना सांगत होते. "साडेनवाच्या आत धार वलांडून अलीकडे येवा. आणि माझ्या सुनेक सांभाळा, तिका पवाक येणा नाय."

"तात्यानू, एसटीवाल्यांका पवाक कित्या लागता? हात केलो की थांबता," मंगल म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मंगल माझ्याच वयाची, शेजारच्या घरातली, जिभेला हाड नसलेली. आणि आमची म्होरकी होती शेवंतीकाकी. पन्नाशीची, काटक, तात्यांच्या चुलतघराण्यातली. तिने माझ्या कमरेला पदर आवळून बांधून दिला, हातात आखूड दाताळं दिलं आणि म्हणाली, "माझ्या पाठसून चल. मी पाय ठेवतंय थंय पाय ठेव."

आम्ही सहाजणी होतो. सातला धार ओलांडली. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं आणि इतकं गार की माझे दात वाजले. दांड्यावर पाऊल ठेवलं आणि मी ते सगळं विसरले. मैलभर वाळू, तिच्यावर पाण्याने काढलेल्या बारीक घड्या, आणि पलीकडच्या टोकाला सुरय पक्ष्यांचा पांढरा थवा सगळा एकाच दिशेला तोंड करून बसलेला. मधेच एक रुंद माग समुद्रातून वर आला होता आणि वळसा घेऊन परत समुद्रात गेला होता.

"कासवीण," काकी म्हणाली. "रात्री येऊन अंडी घालून गेली." ती त्या मागावरून पाय घासत चालत गेली आणि जिथे वाळू उकरलेली होती तिथे तर तिने ओंजळीने वाळू पसरून सारखी केली. "कुत्र्यांका नी माणसांका, दोघांकाय दिसाक नको," म्हणाली आणि मंगलकडे बघितलं. मंगलला अंडी आवडायची. तिने आकाशाकडे बघितलं.

मग आम्ही वाकलो ते वाकलो. दाताळं वाळूत ओढायचं, खट्ट वाजलं की बोटं घालायची. पहिला खुबा सापडला तेव्हा मी तो सगळ्यांना दाखवत फिरले. घड्याळ फक्त माझ्याकडे होतं, वडिलांनी लग्नात दिलेलं, म्हणून वेळ सांगायचं कामही माझ्याकडेच होतं.

आठला दहा कमी असताना काकी ताठ उभी राहिली.

"ह्या बघलंस?" तिने दाताळ्याच्या टोकाने दाखवलं. आमच्या पायांपाशी चण्याएवढ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, होत्या, आम्ही आलो तेव्हापासून सगळीकडे पळत होत्या. आता त्या आपापल्या बिळात उतरत होत्या आणि आतून वाळूची गोळी ओढून बिळाचं तोंड बंद करत होत्या. एक, दुसरी, मग दहा-वीस.

"बिळां बुजवूक लागल्यो," काकी म्हणाली. "पाणी फिरला की काय?"

"काकी, कुर्ल्यांकडे घड्याळ आसा?" मंगल मान वर न करता म्हणाली. "तात्यांनी सव्वाआठ सांगल्यानी. अजून पाणी जाताहा, येणा नाय."

काकीने थोडा वेळ खाली पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकली. तीस वर्षं न चुकलेल्या माणसापुढे कुर्ल्यांचं काय चालणार?

पण माझा हात थांबला. तात्यांनी सव्वाआठ सांगितलं होतं कारण मी तीज सांगितली होती. आणि मी तीज सांगितली होती कॅलेंडर न बघता. तोवर त्या गोष्टीचा मला विसर पडला होता, आता ती अंगावर आली. मी मनात पुन्हा बोटं मोजली. शिवरात्र, अमावास्या, पाडवा, बीज, तीज. बरोबर येत होतं. पुन्हा मोजली. पुन्हा बरोबर. मग कुर्ल्या का बिळं बुजवतायत?

मी एक काडी घेतली आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळूत खोचली. आठ वाजले होते. मी चार खुबे काढले आणि पाहिलं. काडीच्या बुडाशी पाणी आलं होतं. लाट असेल म्हटलं. सव्वाआठला, ज्या वेळी पाणी सर्वांत खाली असायला हवं होतं त्या वेळी, ती काडी पाण्यात हातभर आत होती.

"काकी," मी म्हटलं. "पाणी चढताहा वाटता. परत जावया?"

"किती वाजले?"

"सव्वाआठ."

"मगे आता खंय चढता? वारो आसा, त्याच्यान लाटा वर येतत." पण तिचा आवाज तितका पक्का नव्हता.

"डेपोतली बाय घाबारली," मंगल म्हणाली. "गो, सासऱ्याचा पाणी तू खोटा पाडतंस? घराक गेल्यार तात्यांका सांगतलंय हां."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. 'मी कॅलेंडर बघितलं नव्हतं.' चार शब्द. ते ऐकल्यावर काकीने एका दमात सगळ्यांना पलीकडे नेलं असतं. पण चार महिन्यांची सून, पहिलाच दिवस, आणि आजच सगळ्यांसमोर सांगायचं की मी तात्यांशी खोटं बोलले? शिवाय गणित बरोबर येतच होतं की. मी स्वतःला समजावलं, साडेआठपर्यंत बघू. साडेआठला समजावलं, पावणेनऊपर्यंत. भित्रा माणूस स्वतःला मुदत देत राहतो, हे मी त्या दिवशी शिकले. पाट्या भरत होत्या, बायका नवऱ्यांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मी दर दोन मिनिटांनी मागच्या धारेकडे बघत होते. तिथलं पाणी आता चकाकत नव्हतं, मातकट झालं होतं आणि खाडीच्या आत, गावाकडे वाहत होतं.

नऊला पलीकडच्या टोकावरचे सुरय एकदम उठले आणि आमच्या डोक्यावरून जाऊन दांड्याच्या उंच भागावर बसले. काकीने ते पाहिलं, मग धारेकडे पाहिलं आणि हातातलं दाताळं टाकलं.

"पाट्यो उचला. आत्ताच्या आत्ता. कोणी बोलू नका."

आम्ही धावतच कडेला आलो. सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी चार पावलांत मांडीला लागलं. काकीने सगळ्यांना हातात हात धरायला लावलं, पुढे मंगलला घातलं, मला मधे घेतलं आणि स्वतः शेवटी राहिली. मधोमध गेलो तेव्हा पाणी माझ्या छातीला होतं आणि पाय वाळूवर टिकत नव्हते. पाटी केव्हा गेली मला कळलं नाही. मंगल पुढून ओढत होती, काकी मागून ढकलत होती, आणि मी देवाचं नावसुद्धा विसरून नुसती "आई, आई" करत होते. मग मागचा हात सुटला.

काठावर चढून वळले तेव्हा आम्ही पाचजणी होतो. काकीचं डोकं धारेच्या मधोमध दिसत होतं आणि ते पाण्याबरोबर खाडीच्या आत चाललं होतं. तिला पोहता येत होतं, पण अंगावरचं नऊवारी लुगडं पाण्याने जड झालेलं. शंभर-दीडशे हातांवर जाळी बांधायचे जुने खुंट पाण्यात उभे होते. ती त्यांच्यातल्या एकाला जाऊन आपटली आणि तिने तो कवटाळला. खुंटावर कालवं, म्हणजे चिकटून बसणारे शिंपले, चढलेली असतात, त्यांच्या कडा सुरीसारख्या. ती ओरडली तो आवाज मला इथे, साठाव्या वर्षी, ऐकू येतो.

पुरुष सगळे मासेमारीला गेलेले. मी मांडवीकडे पळाले आणि बघते तर तात्या होडी पाण्यात लोटत होते. ते सकाळपासून तिथल्या पायरीवर बसले होते, रोज बसायचे तसे, पाय पाण्यात सोडून. त्यांच्या हिशेबाने जी पायरी त्या दिवशी साडेनऊला ओली व्हायला हवी होती ती पाऊण तास आधीच ओली झाली आणि ते उठले.

"तात्या, काकी! खुंटाक धरून आसा!"

"खंयच्या खुंटाक?"

"तो काय, समोर!" मी हात केला. काकी स्पष्ट दिसत होती, तिचं हिरवं लुगडं पाण्यावर पसरलं होतं.

तात्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही. ते नुसते माझ्या दिशेने तोंड करून उभे होते.

"होडयेत बस," ते म्हणाले. "म्होरल्या तोंडार. माका दिसणा नाय. तू बघ, मी वल्हयतंय."

मी चढले. पोहता न येणारी मी त्या वितभर रुंदीच्या होडीत कशी चढले मला माहीत नाही. "डावीकडे," मी सांगायची, ते वल्हं मारायचे. "अजून डावीकडे. सरळ." त्यांचे हात अजून तरुणाचे होते, पाणी बरोबर कापत होते. पण डोळे माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब लागले होते. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की 'तू धावी शिकलंस, आता तूच वाच' हे कौतुक नव्हतंच. त्यांना कॅलेंडर दिसतच नव्हतं. चार महिने गावाला पाणी सांगत होते ते माझ्या डोळ्यांवर.

मला राहवेना. होडी खुंटांजवळ आली होती, काकी वीस हातांवर होती, आणि मी मागे वळून ओरडले, "तात्या, मी बघूक नाय. मी सकाळी कॅलिंडर बघूकच नाय. बोटांर मोजून सांगलंय."

त्यांचं वल्हं थांबलं नाही.

"खुंट बघ," ते म्हणाले. "खुंट खंय तो सांग."

काकीला आम्ही होडीत ओढून घेतलं. तिचा उजवा तळवा कालवांनी आरपार कापला होता. शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती. तात्या येताना फक्त "डावीकडे की उजवीकडे" विचारत होते.

घरी आल्यावर ओल्या कपड्यांनीच मी कॅलेंडरसमोर उभी राहिले. आजच्या चौकोनात द्वितीया लिहिली होती. मी मागे मागे बोट नेलं. शिवरात्रीच्या चौकोनात मोठ्या अक्षरात महाशिवरात्र आणि खाली बारीक अक्षरात त्रयोदशी, संध्याकाळपर्यंत. शिवरात्र रात्रीची धरतात. चतुर्दशी त्या दिवशी संध्याकाळी लागली होती आणि मी सकाळपासून मोजली होती. बोटांचं गणित बरोबरच होतं, सुरुवात एक दिवस पुढची होती. बारीक अक्षरात होतं, पण होतं. दिसत होतं.

दुपारी काकीचा मुलगा दिगंबर आला. तालुक्याला नेऊन आईच्या हाताला टाके घालून आणले होते, तिलाही बरोबर घेऊन आला. दोन बोटं आता वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्या बाईचं पोट खुबे सोलण्यावर, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं. त्याच्यामागून अर्धी वाडी आली. ओटी भरली. काकी खांबाला टेकून बसली, हात फडक्यात गुंडाळलेला.

"तात्यानू," दिगंबर म्हणाला, "तुमी वडील माणूस. पण आज माझी आवस गेली असती. सहा घरां बुडाली असती. पाऊण तास, तात्या?"

तात्या आपल्या जागेवर बसले होते. मी दाराआड उभी होते, कॅलेंडरच्या बाजूलाच. तात्या सांगणार आता, असं मला वाटलं. मला खरंच तसं हवं होतं. कोणीतरी बोलून टाकावं आणि हे माझ्या छातीवरून उतरावं.

"माझा चुकला," तात्या म्हणाले. "म्हातारपण. ध्यान रवणा नाय. हेच्या फुडे माका कोणी इचारू नका."

तीस वर्षांचा त्यांचा मान एका वाक्यात संपला होता. मी पुढे आले. उंबऱ्यावर पाय ठेवला. तोंड उघडलं.

"सुनबाय," तात्या म्हणाले, माझ्याकडे न बघता, "ह्येंका पाणी आण. उन्हातसून इलीत."

आणि मी गेले. आत जाऊन घडा वाकवला, तांब्या भरला, पेले ताटात मांडले. बाहेर आले तेव्हा ठरून गेलं होतं, दिगंबर तालुक्याच्या बंदर ऑफिसातून भरतीचं छापील वेळापत्रक आणणार आणि ते रेशन दुकानाच्या दारावर लागणार. मी एकेकाला पाणी दिलं. पेले उचलले. आत गेले.

बरीच वर्षं मी मनाशी म्हणायची, तात्यांनी स्वतःची नजर गेलेली लपवली, माझी चूक काही झाकली नाही. तसं म्हटलं की झोप यायची. पण त्याच मे महिन्यात गावात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा तात्या आपणहून गेले, मोतीबिंदू काढून आले आणि ओटीवर बसून सगळ्यांना हसत सांगितलं की सात-आठ महिने आपल्याला पाणी आणि वाळू वेगळी दिसत नव्हती. लपवायला आता काही उरलं नव्हतं. तरी तिथी कोण वाचायचं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मलाही पुन्हा कधी त्यावरून बोलले नाहीत. त्यानंतर अकरा वर्षं जगले. मांडवीच्या पायरीवर रोज बसायचे, आणि दांड्यावर जाणाऱ्या बायका त्यांच्यासमोरून "तात्या, बरे मा?" म्हणत पुढे जायच्या. पाणी कधी, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मी ते रोज बघितलं आणि रोज गप्प राहिले. मी त्या माणसाचा मान खाल्ला, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाल्यावर शेवंतीकाकी आजारी पडली. उठणार नाही, असं दिगंबरने सांगितलं. मी पेज घेऊन गेले आणि तिच्या खाटेशी बसले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिचा उजवा हात पांघरुणावर होता, ती दोन बोटं सरळच.

"काकी," मी म्हटलं, "त्या दिवशी तात्यांचा चुकूक नव्हता. तिथ मी चुकीची सांगलंय. कॅलिंडर बघूक नव्हतंय."

काकीने डोळे उघडले. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माका म्हायत आसा."

"तात्यांनी सांगल्यानी?"

"तात्या कित्या सांगतले? तूच सांगलंस. होडयेत. मी खुंटाक धरून होतंय. पाण्यावरसून आवाज लांब जाता."

बावीस वर्षं हिने माझ्या पोरांची बारशी केली, माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, मला भाऊबीजेला माहेरी पोचवायला आली.

"मगे तुमी बोललास कित्या नाय?" मी विचारलं. "त्या दिसा ओटयेर, सगळ्यांच्या म्होरे?"

"मी कित्या बोलू? ता तुझा होता." तिने दम घेतला. "तात्यांनी तुका पाणी आणूक धाडल्यानी. मी म्हटलंय, भायर येतली नी सांगतली. तू इलंस. सगळ्यांका पाणी दिलंस, माकाय दिलंस. मी पेलो डाव्या हातात धरून वायच थांबलंय, तू बोलतंस काय ता बघूक."

"मगे?"

"मगे पिलंय," काकी म्हणाली.